शोकातली मुले, शोकातली मोठी माणसे : मराठवाड्यातील नव्या समुपदेशकांसाठी मार्गदर्शन

घरात मृत्यू झाला की पहिले तेरा दिवस माणसांची कमी नसते. मातीला गाव लोटते, राख सावडायला भाऊबंद थांबतात, दहाव्याला पाहुणे येतात आणि तेराव्याचे जेवण उरकले की जो तो आपापल्या गावाची वाट धरतो. घर रिकामे होते ते त्या दिवशी, आणि समुपदेशकाची गरजही बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. समाजकार्य किंवा मानसशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून बीड, जालना, परभणी, हिंगोली, लातूर अशा जिल्ह्यांत नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हा लेख लिहिला आहे. शिक्षकांना आणि आशा कार्यकर्त्यांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडावा. लहान मुलाचा शोक हाताळायचा असेल, तर त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसापासून सुरुवात करावी, हे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या सर्व पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : कधी जायचे आणि कोणाकडे जायचे

मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उपचार म्हणून कोणतेही सत्र घेऊ नये. घडलेला प्रसंग एकाच बैठकीत तपशिलाने वदवून घेण्याची पद्धत पूर्वी बरीच वापरली जात असे, परंतु तिचा लाभ होत नाही आणि काहींना अपायही होतो, असे दिसून आल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नये असे सांगते. या दिवसांत करण्यासारखी कामे साधी असतात. घरातल्या वृद्धांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकत नाहीत ना, लेकरांच्या पोटात वेळेवर काही जाते ना, अपघात किंवा आत्महत्या असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद कोण सांभाळतो आहे, एवढे पाहावे, आपला फोन क्रमांक द्यावा आणि ‘तेराव्यानंतर एकदा येऊन जाईन’ असे सांगून निघावे. दिलेला शब्द मात्र पाळावा, कारण तेराव्यानंतर परत येणारी माणसे फार थोडी असतात.

प्रत्येक शोकग्रस्त माणसाला उपचारांची गरज नसते. बहुतेक लोक नातलगांच्या, कामाच्या आणि श्रद्धेच्या आधाराने हळूहळू सावरतात. अभ्यासांवरून असे दिसते, की साधारणपणे दहांपैकी एका प्रौढाचा शोक अडकून राहतो. मागणी किंवा गरज नसताना सरसकट सर्वांना समुपदेशन दिले, तर त्यातून फारसे काही साधत नाही. म्हणून ज्यांची काळजी जास्त वाटावी त्यांच्याकडे आधी जावे. अचानक किंवा हिंसक मृत्यू, आत्महत्या, पोटच्या लेकराचा मृत्यू, पूर्वीचा मानसिक आजार, दारूचे व्यसन, आणि ज्यांना माहेरचे वा सासरचे कोणीच विचारत नाही अशा एकल महिला, ही घरे यादीत वर असावीत.

दुसरी पायरी : घर समजून घेणे

पहिल्या भेटीत गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. ‘ते’, ‘ती घटना’, ‘जे झालं ते’ असे बोलत राहिल्यास, या घरात ते नाव घ्यायचे नाही असाच संदेश सर्वांना जातो. त्यांचा स्वभाव कसा होता, काय आवडायचे, शेवटचे कधी बोलणे झाले, हे विचारावे आणि मग शांत बसावे.

नवख्या समुपदेशकाला सर्वांत अवघड जाते ते बसायची जागा मिळवणे. दोन खोल्यांच्या घरात सून समोर बसते, दारात सासूबाई बसतात, ओट्यावर दीर असतो आणि शेजारच्या दोन बाया ‘मॅडम आल्या’ म्हणून डोकावतात. अशा वेळी सुनेने दिलेली उत्तरे तिची नसतात, ती घराची असतात. सासूबाईंना डावलून तिला बाजूला न्यावे, तर तुम्ही गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. त्यामुळे प्रथम सासूबाईंशी स्वतंत्र बोलावे, कारण त्यांचाही मुलगा गेलेला असतो आणि ही गोष्ट सगळ्यांच्या ध्यानातून निसटलेली असते. त्यांचे पूर्ण ऐकून घेतल्यानंतर ‘आता सुनबाईंशीही थोडं बोलते’ असे त्यांनाच विचारून अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र किंवा शाळेची रिकामी खोली मिळवावी. जे बोलले जाईल ते गुप्त राहील, हे नीट समजावून सांगावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तो त्या व्यक्तीचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हाच हा नियम मोडावा लागतो, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

घरातले विधी काय झाले आणि काय राहिले, हे विचारायला संकोच करू नये. हिंदू घरात दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. बौद्ध घरात पुण्यानुमोदन. मुस्लिम घरात चाळीसावा आणि पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत, असे प्रत्येकाचे शोकाचे वेळापत्रक वेगळे असते आणि तुमच्या सत्रांची आखणी त्याला धरूनच करावी लागते. कोणाला अंत्यदर्शन मिळाले नाही, कोणाला मातीला नेले नाही, कोणत्या लहानग्या मुलाच्या हातून अग्नी दिला गेला, हे प्रश्न पुढच्या कामाचे दार उघडतात.

तिसरी पायरी : धोक्याची विचारपूस

मोठ्या माणसाशी एकांतात बोलताना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारावे. ‘त्यांच्यामागे आपणही जावं, जगूच नये, असं मनात येतं का?’ या प्रश्नाने तसा विचार डोक्यात घातला जातो अशी भीती नव्या लोकांना वाटते, पण ती निराधार आहे. उलट विचारल्यामुळे माणूस मोकळा होतो. ‘त्यांच्याशिवाय करमत नाही’ आणि ‘मी काहीतरी ठरवलं आहे’ यांतला फरक ऐकायला शिकावे. दुसरे वाक्य ऐकू आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातल्या विश्वासू माणसाला सांगावे, शेतीची औषधे घरातून हलवून कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला लावावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल, तर पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे त्यांना समजावून सांगावे.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही मानसोपचारासाठी पाठवण्याची मोठी ठिकाणे आहेत. जिल्हा रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. टेलिमानस ही केंद्र शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे क्रमांक कागदावर लिहून द्यावेत आणि घरातल्या कोणाच्या तरी फोनमध्ये आपल्यासमोर साठवून घ्यावेत.

चौथी पायरी : मोठ्यांसोबतची सत्रे

शोकाच्या पाच अवस्था आपण सर्वांनी पाठ केलेल्या असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या अवस्था मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून. मागे राहिलेल्यांचा शोक त्या क्रमाने चालत नाही. ‘तुम्ही अजून नकाराच्या अवस्थेत आहात’ असे कोणालाही सांगू नये. नव्या माणसाच्या हाती द्यावी अशी मांडणी मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांची आहे. त्यांनी १९९९ मध्ये असे दाखवले, की शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालत असतो. कधी तो गेलेल्याच्या आठवणीत, रडण्यात, हुरहुरीत असतो, तर कधी पेरणी, किराणा, बँक, लेकरांची फी यांत बुडालेला असतो. ही येरझार चालू असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. माणूस एका बाजूला अडकला, की आपली गरज लागते.

आपल्याकडे पुरुष बहुधा कामाच्या बाजूला अडकतात. ‘मी ढेपाळलो तर घर कोण बघणार’ म्हणणारा बाप दिवसभर शेतात राबतो आणि रात्री दारू जवळ करतो. त्याला रडायला लावणे हे आपले उद्दिष्ट नाही. बांधावर चालता चालता गेलेल्या मुलाविषयी चार वाक्ये त्याला बोलता आली, तरी त्या दिवसाचे काम झाले. बायांचे याच्या उलटही होते आणि तसेही होते, कारण कित्येकींना रडायलाच सवड मिळत नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक तास राखून ठेवणे, हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

सत्रांचा क्रम साधारणपणे असा ठेवता येतो. पहिल्या दोन-तीन बैठकांत मृत्यूची हकिकत त्या व्यक्तीच्या गतीने ऐकावी, मध्ये दुरुस्ती करू नये. नंतर ती काय टाळते आहे ते पाहावे. कोणी फोटो उलटा करून ठेवतो, कोणी त्या रस्त्याने जात नाही, कोणी गेलेल्याचा मोबाइल दर महिन्याला रिचार्ज करून बंद पेटीत ठेवतो. फोटो बघणे वेदनादायक आहे हे मान्य करून, पाच मिनिटे सोबत बघायचा आणि मग ठेवून द्यायचा, असे लहान लहान टप्पे करावेत. पुढे अपराधीपणाचे काम येते. ‘त्या दिवशी मी भांडले नसते तर’, ‘दवाखान्यात आधी नेलं असतं तर’ ही वाक्ये घाईने खोडून काढली, तर ती आत जाऊन बसतात. त्याऐवजी त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होते आणि आज काय माहीत आहे, हे शांतपणे वेगळे करून मांडायला मदत करावी. मग गेलेल्याशी बोलायची संधी द्यावी. लिहिता येत असेल तर पत्र, नसेल तर समोर रिकामी खुर्ची किंवा त्यांची वस्तू ठेवून बोलणे, हे गावाकडच्या माणसाला विचित्र वाटेल असे आपल्याला वाटते, पण समाधीपाशी बसून बोलणारी माणसे आपण पाहिलेलीच असतात. गेलेल्याशी नाते तोडायचे नाही, ते नव्या रूपात सोबत ठेवायचे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

विधवा स्त्रीच्या बाबतीत शोकावर रूढींचा बोजा असतो. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे सगळे चारचौघांसमोर तिच्या अंगावर घडते आणि अनेकींना पतीच्या मृत्यूइतकीच ती घटका पुन्हा पुन्हा आठवते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ही माहिती सरपंच आणि बचत गटापर्यंत जरूर पोहोचवावी. त्या बाईने काय घालावे, हे मात्र तुम्ही ठरवू नये. तिला टिकली लावावीशी वाटत असेल तर तिची बाजू घ्यावी, नसेल तर तेही तितकेच मानावे.

मृत्यूला सहा महिने उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ, मृत्यूवर विश्वासच न बसणे, जगण्यातला अर्थ संपल्यासारखे वाटणे आणि रोजची कामे थांबणे असे चित्र असेल, तर दीर्घकालीन शोकविकाराचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याचा समावेश आहे; अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे. मात्र त्या समाजात शोक किती काळ आणि कसा पाळतात, याच्या पलीकडे तो गेला आहे का, हे तपासल्याशिवाय निदान करायचे नसते. वर्षभर सण न करणारे घर आजारी नसते. या विकारासाठी अमेरिकेतील डॉ. कॅथरिन शिअर यांनी विकसित केलेली सोळा सत्रांची पद्धत उपयुक्त ठरली आहे. ती प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाने वापरावी, म्हणून अशी व्यक्ती दिसली की पुढे पाठवावी.

पाचवी पायरी : मुलांना खरे सांगणे

लहान मुलाला मृत्यूची बातमी त्याच्या जवळच्या माणसानेच द्यावी, समुपदेशकाने त्या माणसाची तयारी करून घ्यावी. आपल्याकडे ‘पप्पा देवाघरी गेले’, ‘झोपले आहेत’, ‘गावाला गेलेत’ असे सांगायची पद्धत आहे. ‘झोपले’ असे ऐकलेले मूल झोपायला घाबरते. ‘गावाला गेले’ हे वाक्य बीड, धाराशिव, जालन्याच्या ऊसतोड घरांत विशेष घातक ठरते, कारण त्या मुलांचे आईबाप दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परत येतात. तोडीला गेलेले बाप परततात, हा त्या मुलाचा अनुभव असतो. मग तेही वाट पाहत राहते आणि पुढच्या हंगामाअखेरीस टोळीची गाडी गावात शिरली की पळत जाऊन आत डोकावते.

सांगायचे ते असे सांगावे : ‘तुझे पप्पा वारले. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. तुला मी सांभाळणार आहे.’ यातले शेवटचे दोन भाग कधीही गाळू नयेत. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही, म्हणून ते तोच प्रश्न वारंवार विचारते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यावे लागते. सहा-सात वर्षांच्या पुढे बहुतेक मुलांना ते कळू लागते, परंतु आपण रागाने काही बोललो म्हणून असे झाले, ही समजूत मनात घर करून राहू शकते. किशोरवयीन मुलांना सगळे कळते आणि ती घरात बोलत नाहीत. त्यांच्यासाठी मित्र, शिक्षक किंवा मामा ही वाट जास्त मोकळी असते.

सहावी पायरी : मुलांसोबतची सत्रे

मूल दहा मिनिटे रडते आणि लगेच गोट्या खेळायला पळते. त्याला काही वाटत नाही, असा अर्थ मोठी माणसे काढतात, तो चुकीचा आहे. मुलांना दुःख थोडे थोडे करूनच सोसते. अंथरूण ओले करणे, पोट दुखणे, आईला क्षणभरही न सोडणे, शाळेत मारामाऱ्या करणे या रूपांत ते बाहेर येते.

सत्रासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. कागद, रंगीत खडू, पोळ्याच्या बैलांसाठी आणतात तसली माती, दोन बाहुल्या आणि एक रिकामा पत्र्याचा डबा पुरतो. ‘आपलं घर काढ’ एवढेच म्हणावे. नऊ वर्षांचा मुलगा घर काढतो, ओट्यावर आजी काढतो, चुलीजवळ आई काढतो, आणि वडिलांची मोटारसायकल मोठी, आरशासकट, नंबराच्या पाटीसकट काढतो. तिच्यावर कोणीच बसलेले नसते. इथे ‘पप्पा कुठे आहेत?’ असे विचारण्याची घाई टाळावी. ‘गाडी छान निगुतीनं काढलीस’ म्हणावे आणि थांबावे. बहुधा तोच सांगू लागतो, की ही गाडी आता काका वापरतात आणि ती विकायची बोलणी चालली आहेत. मुलाच्या दुःखाचा आजचा विषय तुम्हाला तिथे सापडतो आणि पुढच्या भेटीत त्याच्या आईशी काय बोलायचे तेही कळते. डब्यात त्याने आठवणीच्या वस्तू ठेवाव्यात : हातरुमाल, फोटो, बाजारची चिठ्ठी, चष्मा. डबा त्याच्या मालकीचा असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणी उघडायचा नाही, हे घरातल्यांसमोर ठरवून घ्यावे.

थोरल्या मुलाला तेराव्यालाच कोणीतरी सांगते, ‘आता तूच घरचा कर्ता’. बोलणारा मायेने बोलतो, पण बारा वर्षांचे पोर ते वाक्य अक्षरशः घेते, रडणे बंद करते आणि शाळा सोडून कामाला जायचे म्हणते. हे वाक्य परत घ्यायला लावावे. ज्या आजोबांनी वा चुलत्यांनी ते म्हटले, त्यांच्याच तोंडून ‘घर आम्ही बघतो, तू शाळेत जा’ असे वदवून घेतल्यास जो फरक पडतो, तो आपल्या दहा सत्रांनीही पडत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात पालक गमावलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत एक कार्यक्रम राबवून मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, आणि मागे राहिलेल्या पालकाची माया, ऐकून घेण्याची तयारी व घरातली सुसंगत शिस्त यांचा मुलांना दीर्घकाळ फायदा झाल्याचे दिसले. म्हणून मुलाच्या प्रत्येक सत्राबरोबर आईसाठीही वेळ ठेवावा. जेवणाची आणि झोपेची वेळ पूर्ववत करणे, दिवसातून पंधरा मिनिटे फक्त त्या मुलाला देणे, लाड म्हणून सगळे नियम सोडून न देणे, एवढ्यावर काम करावे. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून, मूल अचानक रडले तर त्याला बाहेर जाता येईल आणि वर्गासमोर कीव केली जाणार नाही, हे ठरवावे. आर्थिक आधारासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून करता येतो. तो भरायला मदत करणे हेही तुमचेच काम समजावे.

सातवी पायरी : आत्महत्येनंतरचे घर

मराठवाड्यात काम करताना हे घर टाळता येणार नाही. इथे शोकाबरोबर लाज, संताप आणि ‘का?’ हा प्रश्न असतो. सावकार आणि मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, दारात उभी असते. शेतकरी आत्महत्या ठरल्यास शासनाकडून एक लाख रुपयांची मदत मिळते, तीस हजार तातडीने आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. पण त्यासाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते. अपात्र ठरलेल्या घराला पैसे जातात त्याहून अधिक, आपल्या माणसाचे दुःख खोटे ठरवले गेल्याचे वाईट वाटते. त्या निकालाच्या आठवड्यात भेट आवर्जून ठेवावी.

मुलांपासून आत्महत्या लपवू नये, कारण शाळेत किंवा पारावर त्यांना ती कळतेच. पद्धतीचा तपशील न देता, ‘पप्पांचं मन फार आजारी झालं होतं, त्यांना मदत मागता आली नाही आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला; तुझ्यामुळे नाही’ असे वयाला झेपेल तितके सांगावे. केवळ कर्जामुळे किंवा केवळ भांडणामुळे असे एकच कारण देऊ नये, नाहीतर पुढे आयुष्यात कर्ज वा भांडण आले की मुलासमोर तोच मार्ग दिसतो.

आठवी पायरी : तिथी, सण आणि सत्रांचा शेवट

तुमच्या वहीत मृत्यूच्या तारखेबरोबर तिथीही लिहावी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर झाला, आणि त्या भागातल्या अनेक घरांत विसर्जनाचे दिवस जवळ आले की जुने दुःख वर येते. पितृपक्ष, पहिली दिवाळी, पोळा, राखी, मुलाचा दहावीचा निकाल, या दिवसांच्या आधीच्या आठवड्यात एक फोन करावा आणि तो दिवस कसा घालवायचा हे घरातल्यांनी मिळून ठरवावे.

सत्रे संपवताना अचानक थांबू नये, विशेषतः मुलांच्या बाबतीत, कारण त्यांनी एक माणूस न सांगता गेलेला अनुभवलेला असतो. तीन-चार भेटी आधीपासून ‘आता आपल्या एवढ्या भेटी उरल्या’ असे सांगावे, शेवटच्या भेटीला त्याने केलेली चित्रे त्याच्या हाती द्यावीत आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास एक भेट आधीच ठरवून ठेवावी. स्वतःसाठीही अनुभवी पर्यवेक्षकाशी पंधरा दिवसांतून एकदा बोलण्याची व्यवस्था असावी. तुमच्या स्वतःच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर काही महिने शोकाची प्रकरणे सहकाऱ्याकडे सोपवावीत, आणि तसे त्या कुटुंबांना स्पष्ट सांगून नव्या समुपदेशकाची ओळख स्वतः जाऊन करून द्यावी.